वेताच्या खुर्चीची वजाबाकी

एकदा एका कार्यशाळेत वेताच्या मोळ्या येऊन पडल्या आणि त्यांच्यापाठोपाठ डिझाइन शिकणारी काही मुले-मुली. कार्यशाळा गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी होती. ती चालवणारे गुरुजी चांगलेच वयोवृद्ध होते. आयुष्यभर महाविद्यालयात शिकवून झाल्यावर ते इथे येऊन राहिले होते. शहरातली महाविद्यालये आपले निवडक विद्यार्थी एका सत्रासाठी त्यांच्याकडे पाठवीत. दर सत्राला गुरुजी एकच साहित्य हाती देत आणि म्हणत, "याच्यातून नवं काहीतरी करा. पण आधी याची ओळख करून घ्या."

त्या वर्षी ओळख वेताशी होती. सुरुवातीचे दिवस कोणी काहीही बनवायचे नाही, नुसते वाकवायचे, असा नियम होता. मुले वेत भिजवून पाहत, वाफेवर धरून पाहत, आचेवर शेकून पाहत. कुणाचा तडकला, कुणाचा करपला, कुणाचा हातातून सुटून शेजाऱ्याच्या कानाखाली बसला. हळूहळू हात बसले आणि वस्तू जन्माला येऊ लागल्या. एकाने सायकलला अडकवायची टोपली केली. ती मिटली की दप्तरात मावे. एकीने दिव्यावरची छत्री केली. दोरी ओढली की ती मिटत जाई आणि उजेड मंद होई. आणखी एकाने जे केले ती टोपी आहे की फळांची परडी, यावर कोणाचेच एकमत होईना, आणि त्याला स्वतःला विचारूनही काही उपयोग नव्हता. तरुणपणी असे व्हायचेच. काय करायचे ते ठाऊक नसताना हात चालू ठेवणे, हेही एक शिक्षण आहे.

केतकीला मात्र काय करायचे ते पहिल्या दिवसापासून पक्के ठाऊक होते. तिला खुर्ची करायची होती, आणि तीही एकाच माणसासाठी.

तिचे बाबा शाळेत व्यायामशिक्षक होते. अर्ध्या गावाला त्यांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही परत आली, पण डावा हात आणि डावा पाय पुरते परतले नाहीत. एकदा उभे केले की ते काठीच्या आधाराने सावकाश चालत. बसल्या जागेवरून उठणे मात्र त्यांना जमत नसे. एका दुपारी कोणाला हाक न मारता त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीतून उठण्याचा प्रयत्न केला. खुर्ची मागे सरकली, ते तोंडावर आपटले आणि भुवईला टाके पडले. त्या दिवसापासून केतकीने आणि तिच्या आईने ठरवून टाकले, की बाबांना एकट्याने उठू म्हणून द्यायचे नाही. एकीने काखेत हात घालायचा, दुसरीने कमरेला धरायचे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो; या दोघी तर पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागल्या होत्या.

म्हणून केतकीला अशी खुर्ची हवी होती, जी जागची हलणार नाही. तिने कल्पना छान लढवली होती. जाड वेताच्या दोन कमानी जमिनीवरून पुढे येत, वर वळत आणि मागे जाऊन बैठक होत. खुर्चीला मागचे पाय नव्हतेच. पाहणाऱ्याला वाटे, बैठक अधांतरी आहे. पण वेत तो वेत! त्यावर बसले की बैठक थोडी दबे, थोडी डुले, आणि ती डुलली की केतकीला बाबांचे ते आपटणे आठवे. तिने कमानी आणखी जाड केल्या, तरी ती डुलेच. शेवटी तिने बैठकीच्या मागच्या बाजूला, थेट जमिनीपर्यंत, दोन्हीकडून जाड टेकू लावले आणि ते वेताच्या सालीने आवळून आवळून बांधले. आता खुर्ची गप्प झाली. त्या रात्री केतकीला बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागली.

मुलांनी केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन जवळ आले तेव्हा फर्निचरचे एक व्यापारी कार्यशाळा पाहायला आले. देहाने भरभक्कम, बोलण्यात मोकळे. त्यांनी केतकीची खुर्ची दोन्ही हातांनी गदगदा हलवून पाहिली. ती ढिम्म हलली नाही.

"वा! याला म्हणतात खुर्ची," ते म्हणाले. "दगड आहे, दगड! गुरुजी, ही मला द्या बघू. गावोगावच्या दवाखान्यांत अशा ठेवतो."

केतकीला आभाळ ठेंगणे झाले. तिने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी खुर्चीकडे पाहत होते.

"उद्या वजाबाकी आहे," ते म्हणाले. "ती होऊ द्या, मग बोलू."

वजाबाकी हा त्या कार्यशाळेचा रिवाज होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गुरुजी प्रत्येक वस्तूपाशी जात आणि तिच्यातली एक गोष्ट काढून टाकत. त्याशिवाय वस्तू पुरी झाली असे ते मानीत नसत. मुलांना त्या दिवसाची धास्तीही वाटे आणि गंमतही. दुसऱ्या दिवशी सगळे गोळा झाले. व्यापारीही मुद्दाम थांबले होते. गुरुजींनी सायकलच्या टोपलीची चकाकती कडी काढली. दिव्याच्या छत्रीला लावलेले मणी काढले. त्या वादग्रस्त वस्तूची मूठ काढली, आणि ती टोपी आहे हे तत्क्षणी सर्वांना कळले. मुले पोट धरून हसली. हसत हसतच सगळे केतकीच्या खुर्चीपाशी आले.

गुरुजी खुर्चीभोवती एक फेरी मारून खाली बसले. त्यांनी सुरी मागितली आणि टेकूंच्या बांधण्या कापायला सुरुवात केली.

"गुरुजी, अहो!" केतकी पुढे धावली. "ते टेकू आहेत. शोभेचे नाहीत ते!"

"ठाऊक आहे मला," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी दोन्ही टेकू ओढून काढले. बैठक क्षणभर थरथरली.

व्यापाऱ्यांना राहवले नाही. "काय केलंत हे, गुरुजी! चांगल्या खुर्चीचा खुळखुळा केलात की!"

कोणी हसले नाही. केतकीला रडू येत होते आणि रडण्याहूनही राग जास्त येत होता. इतक्या महिन्यांची तिची भीती या म्हाताऱ्याने एका सुरीने पुन्हा मोकळी सोडली होती.

"यावरून माझे बाबा पडले तर?" ती म्हणाली. "तुम्ही येणार आहात का उचलायला?"

शिष्याने गुरूला असे बोलू नये, हे तिलाही कळत होते. पण गुरुजींच्या चेहऱ्यावर आठीही पडली नाही. ते भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी शांतपणे विचारले, "मला सांग, तुझे बाबा उठतात कसे?"

"उठत नाहीत ते. आम्ही उठवतो."

"आणि तुम्ही जवळ नसलात तर?"

"बसून राहतात."

"हाक मारतात का?"

केतकीने नकारार्थी मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाली, "आई म्हणते, हल्ली ते पाणी फार कमी पितात. सारखं सारखं आम्हाला उठवायला लागू नये म्हणून."

ही गोष्ट तिला गेले कित्येक दिवस ठाऊक होती. स्वतःच्या तोंडून ती बाहेर पडली तेव्हा मात्र तिचा तिलाच धक्का बसला. शाळेच्या पटांगणात ज्यांची शिट्टी वाजली की सगळी मुले ताठ उभी राहत, ते तिचे बाबा तहान मारून बसत होते, आणि तिने त्यांच्यासाठी आणखी घट्ट बसवून ठेवणारी खुर्ची केली होती.

"ये, बस हिच्यावर," गुरुजी म्हणाले. "हात मांडीवर ठेव. डाव्या पायावर जोर द्यायचा नाही. आणि ऊठ."

केतकी बसली. बैठक तिच्या वजनाने दबली. ती पुढे झुकली, आणि दबलेला वेत वर येऊ लागला. त्याने तिला मागून असे काही उचलून दिले, की काय होते आहे हे कळायच्या आत ती उभी होती. मग गुरुजींनी दोघा मुलांना ते टेकू बैठकीखाली घट्ट धरायला लावले. केतकी पुन्हा बसली, पुन्हा तशीच पुढे झुकली. खूप धडपडली, पण हाताचा आधार घेतल्यावाचून काही उठता येईना.

गुरुजी तेव्हा बोलले. फार नाही बोलले. "वेत दबतो हा त्याचा दोष आहे असं तू धरून चाललीस, आणि सगळी बुद्धी त्याला गप्प करण्यात खर्च केलीस. अगं, तो दबतो म्हणून तर परत येतो! दगड भार घेतो आणि ठेवून घेतो. वेत भार घेतो आणि बसणाऱ्याला परत देतो. तुला वडिलांना पडू द्यायचं नव्हतं, हे मला समजतं. त्यात प्रेमच आहे. पण भीतीनं केलेली वस्तू माणसाला सांभाळते आणि तिथंच बसवून ठेवते. तुझ्या वडिलांना बसायला जागा पुष्कळ आहेत, केतकी. उठायला एक हवी आहे."

"पण ती उलटली तर?" केतकीने विचारले. या वेळी तिच्या आवाजात राग नव्हता.

"हा प्रश्न खरा," गुरुजी म्हणाले. "उलटणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घे. हलणार नाही याची घेऊ नकोस."

प्रदर्शनात केतकीची जागा रिकामी राहिली. खुर्ची तेव्हा कार्यशाळेच्या अंगणात उलटी पडली होती आणि केतकी तिच्या जमिनीवरच्या कमानी मागे लांबवत होती. तिने त्या रुंद केल्या, खाली रबराच्या पट्ट्या बसवल्या म्हणजे फरशीवर सरकायला नको, उजव्या हाताला धरायला एक ठसठशीत मूठ केली. कुठे वेत जाड लागतो, कुठे बारीक, हे पुन्हा पुन्हा बसून, उठून, सोडवून, बांधून शोधले. सोबतीची मुले तिच्यासाठी थांबली. त्यांनी खुर्ची पुढून ढकलली, मागून ओढली, तिच्यावर धपकन अंग टाकले. एका सकाळी व्यापारीही डोकावले. भरल्या देहाचा माणूस आयताच सापडला म्हणून मुलांनी त्यांनाच बसवले. बैठक खोल दबली. सगळ्यांनी श्वास रोखले. व्यापारी पुढे झुकले मात्र, आणि पुढच्या क्षणी आपल्या पायांवर उभे!

"अरे, ही तर हाकलून देते मला!" ते मोठ्याने हसत म्हणाले आणि पुन्हा बसले. मग पुन्हा उठले. त्यांना तो खेळ आवरेना.

सत्र संपल्यावर केतकी खुर्ची घेऊन घरी गेली. बाबांना तिने आणि आईने नेहमीसारखे धरून त्यात बसवले. बाबांनी मूठ चाचपली, अंग जरा मागे टाकून पाहिले आणि भुवया चढवल्या.

"हलतेय गं ही."

"हलू द्या, बाबा."

तिने आईला स्वयंपाकघराच्या दारापाशी नेले आणि दोघी भाजी निवडत असल्याचे सोंग करून बसल्या. बराच वेळ काही झाले नाही. मग बाबा उजव्या मुठीवर भार देऊन पुढे झुकले, अर्धवट वर आले आणि परत बसले. आई ताडकन उठली. केतकीने तिचा हात धरला. बाबांनी एकदा श्वास घेतला, पुन्हा पुढे झुकले, आणि वेताने त्यांना उभे केले.

आता मात्र दोघी धावल्याच. एकीचा हात काखेकडे, दुसरीचा कमरेकडे. बाबा काठी सावरत होते. त्यांनी दोघींकडे पाहिले.

"हात लावू नका," ते म्हणाले. "वाट सोडा."

दोघी बाजूला झाल्या. बाबा पाय ओढत, काठी टेकत भिंतीपर्यंत गेले आणि त्यांनी पंख्याचे बटण बंद केले.

"केव्हाची थंडी वाजत होती," ते म्हणाले.

"अहो, मग सांगायचंत ना!" आई म्हणाली.

"किती गोष्टी सांगायच्या गं माणसानं?" बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ते वळले आणि आल्या पावली खुर्चीकडे निघाले.

पंखा थांबला तसे घर शांत झाले. केतकीच्या ध्यानात आले, की तिचे दोन्ही हात अजून पुढेच पसरलेले आहेत. खुर्चीचे टेकू गुरुजींनी काढून दिले होते, हे हात तिचे तिलाच मागे घ्यायचे होते. तिने ते मागे घेतले. फार जड गेले तिला ते. डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी ती बाबांना चालताना पाहत राहिली.

आपल्या माणसाला आधार जरूर द्यावा. फक्त त्या आधारातून त्याला उठता येते ना, एवढे पाहावे.