करवंदीची लाखोली

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक माळी राहत होता. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी आणि अतोनात भाविक. या शेवटच्या गुणापायी त्याची बायको मात्र पुरती टेकीला आली होती.

तिने बांधावरच्या खडकाळ जमिनीत हौसेने करवंदीच्या जाळ्या लावल्या होत्या. चार वर्षं पाणी घातलं, काट्यांनी हात रक्ताळून घेतले, तेव्हा कुठे माघात जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या. दिवसभर मधमाश्यांची नुसती गुणगुण. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीला करवंदं जीव की प्राण. आता तिला टोपली भरून धाडू, असं माळीण मनाशी म्हणत होती.

आणि माळ्याने नवस केला. "महादेवा, जाळ्या फळांनी लगडू देत. लाख फुलांची लाखोली वाहीन!"

फुलं आणायची कुठून? जाळीवरचीच की! रोज पहाटे माळी परडी घेऊन निघायचा आणि उमललेलं एकूण एक फूल खुडून आणायचा. उन्हं वर आल्यावर माश्या यायच्या, रिकाम्या जाळीभोवती घिरट्या घालायच्या आणि निघून जायच्या.

"अहो, फूलच राहिलं नाही तर फळ कुठून धरेल?" माळीण म्हणाली.

"फळ देणारा तो वर बसलाय. तू मध्ये बोलू नकोस."

वैशाखात जाळीवर काटे तेवढे होते. माणसाने काही शिकावं की नाही? पण माळी म्हणाला, "सेवेत कसूर राहिली. पुढच्या वर्षी दोन लाख!"

दुसऱ्या वर्षी दोन लाख झाली. करवंद औषधालासुद्धा नाही. देवळातला गुरव निर्माल्याचे ढीग उपसून उपसून वैतागला आणि माळिणीने कपाळाला हात लावला.

तिसऱ्या वर्षी माघातच लेकीचा निरोप आला. "आई, मला दिवस गेलेत. अन्न बघवत नाही. आपल्या जाळीवरची करवंदं तेवढी खावीशी वाटतात. वैशाखात येते."

दुसऱ्या दिवशी पहाटे माळी परडी घेऊन निघाला, तर माळीण कमरेला पदर खोचून जाळीपुढे उभी.

"बाजूला हो. यंदा तीन लाखांचा संकल्प आहे. मोडला तर देव कोपेल!"

"मोडा असं कोण म्हणतंय? वाहा की! पण इथंच वाहा." तिने तांब्यातलं पाणी त्याच्या तळहातावर सोडलं. "म्हणा, या जाळीवरची सगळी फुलं देवाची."

माळ्याने जाळीकडे पाहिलं, मग डोळे मिटले. "सगळी फुलं देवाची." त्याने पाणी सोडलं.

"झालं? आता देवाच्या वस्तूला हात लावाल?"

माळ्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

त्या दिवसापासून फुलांवर त्याचाच पहारा. कुणी पूजेसाठी चार फुलं मागितली तरी "देवाची आहेत!" म्हणून वस्सकन अंगावर जायचा. इथवर ठीक होतं. पण एका सकाळी तो उपरणं फिरवत माश्यांमागे धावताना दिसला.

"अगं, देवाची फुलं उष्टी करतायत या!"

माळीण हातातलं खुरपं टाकून धावली. "अहो, त्या देवाच्या पुजारणी आहेत! त्यांना तरी पूजा करू द्या!"

पुजारणी म्हटल्यावर माळ्याचं उपरणं खाली आलं. मग तो रोज त्यांना लांबून नमस्कार करू लागला.

वैशाखात जाळ्या काळ्याभोर करवंदांनी वाकल्या. लेक आली आणि ओच्यात करवंदं घेऊन जाळीशेजारीच बसली. किती दिवसांनी तिच्या पोटात काहीतरी टिकत होतं. माळिणीचे डोळे भरून आले.

तेवढ्यात माळी छाती फुगवून म्हणाला, "बघितलंस? शेवटी पावला की नाही नवस?"

माळिणीने डोळे पुसले. "अहो, देवाने पहिल्या वर्षीच दिलं होतं. तुम्हीच रोज पहाटे ते परडीत भरून त्याला परत करत होता."

माळ्याने वाकून लेकीच्या ओच्यात आणखी मूठभर करवंदं टाकली.

तात्पर्य: देवाकडे फळ मागावं जरूर, पण त्याने धाडलेलं फूल आधी झाडावर राहू द्यावं.