समोरच्या पानाची कहाणी

अन्नपूर्णे माय, कहाणी तुझी आहे. तू ऐक, आम्हांला ऐकव.

नगर होतं, आटपाट होतं. नगराला पेठ होती, कचेरी होती, मुलींची शाळा होती. शाळेमागच्या आळीत मथुरा नावाची एक बाई राहात होती. नवरा देवाघरी गेला त्याला तीन वर्षं झाली. लेक एकुलती एक, ती सात नद्यांपलीकडे दिलेली. मग घर उरलं आणि मथुरा उरली. सकाळी उठावं, अंगण झाडावं, चूल पेटवावी, दोन थालीपीठं थापावी. एक आपण खावं, एक तसंच राहावं. ते दिवस कलता गाईला घालावं. एकच थापायचं म्हटलं, तरी हात ऐकत नसे.

मथुरेच्या हाताला चव मोठी. भाजणी करायची ती एकेक धान्य निराळं भाजून. ज्वारी निराळी, हरभऱ्याची डाळ निराळी, उडीद निराळे, धणे सगळ्यांत शेवटी. वास आळीभर जायचा. बाया म्हणायच्या, "मथुरेनं भाजणी काढली वाटतं." म्हणायच्या, आणि आपापल्या दारानं आत जायच्या.

श्रावण आला. शेजारच्या घरी शुक्रवारचं हळदीकुंकू झालं. आळीत सगळ्यांना बोलावणं गेलं, मथुरेला गेलं नाही. ती आपल्या घरात भिंतीला टेकून बसली. पलीकडे कहाणी चालली होती. बाया हातात तांदूळ घेऊन ऐकत होत्या. मथुरेनंही डब्यातले चार दाणे मुठीत धरले. कहाणी संपली, पलीकडे देवीला तांदूळ वाहिले, बाया हसत बोलत उठल्या. मथुरेच्या मुठीतले दाणे मुठीतच. ते कुठं वाहावे हे तिला कळेना. मग तिनं ते परत डब्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी काय झालं? भर दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. लुगडं विटकं, हातात काठी, पाय धुळीनं भरलेले. म्हणाली, "बाई, भूक लागली आहे." मथुरेनं दुसरं थालीपीठ पानात वाढलं, वर लोण्याचा गोळा ठेवला. म्हातारी हात लावीना. म्हणाली, "मी एकटी जेवत नाही. तू समोर बस."

मथुरा बसली. म्हातारीनं विचारलं, "नाव काय तुझं? माहेर कुठलं? तुला गं काय आवडतं?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मथुरा थोडी पुढं सरकली. म्हणाली, "तव्याला चिकटलेली खरवड. धाकटी बहीण आणि मी भांडायचो तिच्यावरून." बोलता बोलता हसू आलं, हसता हसता डोळे भरले.

म्हातारी जेवली, तृप्त झाली. म्हणाली, "बाई, तुला एक वसा सांगते. रोज एक पान जास्त मांडावं. समोर माणूस बसवावं. त्याचं नाव विचारावं, दोन गोष्टी ऐकाव्या, दोन सांगाव्या, मग घास घ्यावा. एकटीनं जेवू नये."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर दारात जावं, हाक मारावी."

"माझ्या हाकेला कोण येणार, आजी?"

"ते तू बघ. घेतलास तर मात्र सोडू नको." एवढं बोलून म्हातारी वळली आणि आळीच्या टोकाला दिसेनाशी झाली.

पहिल्या दिवशी मथुरा दारात उभी राहिली. घशातून हाक निघेना. ती उपाशी राहिली. दुसऱ्या दिवशी हाक निघाली, पण कासार जात होता तो म्हणाला, "बाई, मला उशीर होतोय." ती उपाशी राहिली. तिसऱ्या दिवशी शाळा सुटली, आणि समोरून नवी मास्तरीण आली. नाव कालिंदी. लांबच्या गावाहून बदली होऊन आलेली, खोली घेऊन राहिलेली, आठ दिवस सुक्या पोह्यांवर काढलेले. मथुरा म्हणाली, "आत या. जेवायला चला."

"अहो, आपली ओळख ना पाळख."

"ती जेवताना होईल."

कालिंदी जेवली. गावाकडच्या आईबद्दल बोलली, मुली गणिताला घाबरतात म्हणून हसली. उठताना म्हणाली, "मथुराबाई, मला रोज जेवायला घालाल का? पण पैसे घ्यावे लागतील. फुकट असलं तर मला लाजेनं येववणार नाही."

मथुरेला आधी संकोच वाटला. मग तिनं मान डोलावली. मास्तरणीनं दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगितलं, नर्सबाईंनी कचेरीतल्या कारकुनाला सांगितलं. तीन पानांची सहा झाली, सहाची बारा झाली, ओटी माणसांनी भरली. मग मथुरेनं दोन बाया हाताखाली घेतल्या, एक गिरिजा, एक येसू. दारावर पाटी लागली, मथुराबाईंची खानावळ. भाजणीची पुडकी पेठेतल्या दुकानात गेली. मथुरा प्रत्येकाचं नाव विचारी. सगळ्यांत शेवटी जो येई, त्याच्या समोर स्वतःचं पान मांडी. वसा चालला, घर नांदतं झालं.

पुढं लोक म्हणू लागले, "बसायला सवड नाही, डबे द्या." मथुरेनं डबे दिले. डबे वाढले, ओटी रिकामी झाली. दारात रांग लागायची, डबा उचलायची आणि निघून जायची. मथुरा म्हणाली, "आज राहू दे, उद्या बसेन." उद्याही तेच म्हणाली. परवा म्हणायचंही राहिलं. चुलीपाशी उभ्यानं दोन घास खायचे आणि पुढच्या तव्याकडे वळायचं. भरल्या घरात ती पुन्हा एकटी झाली, आणि या खेपेला तिच्या ध्यानातही आलं नाही.

मग म्हातारी आली. म्हणाली, "बाई, माझ्यासमोर बस." मथुरा म्हणाली, "डबे जाऊ देत." म्हातारी गेली. आठवड्यानं आली. मथुरेनं दारातूनच पुडकं बांधून दिलं. म्हातारीनं ते उंबऱ्यावर ठेवलं आणि गेली. पुन्हा आठवड्यानं आली. मथुरेनं मान वर न करता सांगितलं, "आजचं संपलं." म्हातारी गेली ती गेली.

एके दिवशी कालिंदी दारात आली. "मथुराबाई," तिनं हाक मारली. मथुरा आतूनच म्हणाली, "डबा कट्ट्यावर ठेवलाय, घ्या." ती म्हणाली, "जरा बाहेर येता का?" मथुरा म्हणाली, "हात पिठात आहेत हो, उद्या बोलू." कालिंदीनं डबा उचलला. मग गेली. पंधरा दिवसांनी नर्सबाईंनी सहज सांगितलं, "मास्तरणीची बदली झाली ना. तुमचा निरोप घ्यायला आल्या होत्या, म्हणाल्या."

मथुरेच्या हातातलं उलथणं खाली पडलं.

त्या दिवसापासून तिच्या जिभेची चव गेली. मीठ कळेना, तिखट कळेना, गोड कळेना. अंदाजानं घालायला गेली, तर कधी खारट झालं, कधी अळणी. भाजणी करपली तरी समजेना. डबे भरलेले परत येऊ लागले. मग येईनासे झाले. गिरिजा दुसरीकडे कामाला गेली. पेठेतल्या दुकानदारानं पुडकी परत पाठवली.

मथुरा म्हातारीला शोधायला निघाली. देवळात गेली, तिथं नाही. नदीच्या घाटावर गेली, तिथं नाही. बाजारात प्रत्येक म्हाताऱ्या तोंडाकडे पाहिलं, तिथंही नाही. ऊन डोक्यावर आलं, तशी ती परत फिरली. मागच्या दारानं घरात शिरली, तो काय पाहते? परसातल्या धुण्याच्या दगडापाशी येसू बसली होती, भिंतीकडे तोंड करून. मांडीवर फडकं, फडक्यात घरून आणलेली भाकरी.

मथुरा म्हणाली, "येसू, तू इथं जेवतेस?"

"होय की. रोजच."

"किती दिवस झाले?"

"कामाला लागले तेव्हापासून. चार वर्षं होतील."

"अगं, घरात एवढं शिजतं. आत का नाही बसलीस?"

येसू खाली मान घालून म्हणाली, "बस म्हणालाच नाहीत, बाई."

 दारावर येणाऱ्या सगळ्यांची नावं मथुरेनं विचारली होती. येसूला मुलंबाळं आहेत की नाहीत, हेही तिला ठाऊक नव्हतं. ती तिथंच दगडाशेजारी येसूसमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "मला वाढतेस?" येसूनं भाकरी मोडली, अर्धी दिली, वर चटणी ठेवली. मग मथुरेनं विचारलं आणि येसूनं सांगितलं. नवऱ्यानं दुसरी केलेली. मूल झालं नाही. खोलीत मांजर आहे, तिच्याशी बोलते.

मथुरेनं घास घेतला. चावला. थांबली.

"येसू, चटणीत मीठ कमी आहे गं."

"असेल. मला कोण सांगणार?"

तेव्हा मथुरा रडली. चव आली म्हणून रडली, आणि इतके दिवस गेली म्हणूनही.

दुसऱ्या दिवशी ओटी सारवली, पानं मांडली. डबे थोडे ठेवले. जो एकटा येईल त्याला दुसऱ्या एकट्यासमोर बसवायचं, असा नेम केला. काही लोक परत आले, काही आले नाहीत. खानावळ पूर्वीएवढी मोठी झाली नाही, पण चालली. सगळे जेवून गेले की मथुरेचं पान येसूसमोर आणि येसूचं मथुरेसमोर. म्हातारी पुन्हा दिसली नाही.

मथुरेनं कालिंदीला पत्र लिहिलं. शाळेतून पत्ता घेतला, तिकीट लावलं, टपालात टाकलं. महिन्यानं ते पत्र जसंच्या तसं परत आलं. वर कुणी लिहिलं होतं, या नावाच्या बाई इथून गेल्या, पुढचा पत्ता माहीत नाही. मथुरा ते हातात घेऊन पानावर बसून राहिली. भात निवला.

येसूला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "काय लिहिलं होतंत त्यात?"

"काही नाही गं. जेवलात का. तिथं समोर कोण बसतं. त्या दिवशी मी बाहेर यायला हवं होतं."

"सगळं वाचून दाखवा."

मथुरेनं पाकीट फोडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. येसू हात न धुता ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा एकदा वाचा." मथुरेनं पुन्हा वाचलं.

अन्नपूर्णे माय, मथुरेला जसं समोर माणूस दिलंस, तसं तुम्हां आम्हां ऐकणाऱ्या बायांना दे. आणि जिला कहाणीला कुणी बोलावलं नाही, जी भिंतीपलीकडून ऐकते आहे, तिला आधी दे. ही साठा बोलांची कहाणी, पाचा बोलांत सांगितली, देवीच्या पायी पोचली, सुफळ होवो, संपूर्ण होवो.