ठकूमावशीचं कोठार

फार जुन्या काळी, शेताच्या बांधावरच्या वारुळात ठकूमावशी नावाची मुंगी कोठार सांभाळायची. दाण्याला कोंब फुटू नये म्हणून प्रत्येक दाण्याचं टोक कुरतडून ठेवायची.

पुढे मुंग्यांनी बांधाच्या पायथ्याशी वारा खेळेल असं नवं कोठार खणलं. तिथे दाणे आपोआप सुके राहत. राणी म्हणाली, "मावशी, आता तुमचं काम संपलं."

"कुरतडणं संपलं. आता कुठे मान वर करून बघायला सवड झाली!" असं म्हणून मावशीने मान वर केली, तर नव्या कोठाराला लागूनच शेताच्या पाण्याचा पाट दिसला; तिने अर्धे दाणे उंचावरच्या जुन्या बिळात हलवायला लावले. मुंग्या कुरकुरल्या, पण हलवले.

एके दिवशी तो पाट फुटला आणि नवं कोठार वाहून गेलं. वरच्या दाण्यांवर सगळ्या मुंग्या तगल्या.

"मावशी, कोठार राखलंत!" राणी म्हणाली.

"कोठार गेलं, राणीसाहेब," मावशी मिशा ताठ करत म्हणाली. "मी वारूळ राखलं."