न पाहिलेला समुद्र

ही हकीकत फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नावसुद्धा आता कोणाला आठवत नाही.

वाळूच्या मुलखात एक नगर होतं. तिथले व्यापारी दूरच्या बंदरांत जाऊन श्रीमंत झाले होते आणि गावी त्यांनी मोठमोठ्या हवेल्या बांधल्या होत्या. हवेल्यांच्या भिंतींवर हत्ती, वराती, मोर, मल्ल अशी चित्रं होती. ती पाहायला लोक लांबलांबून येत.

पदाजी नावाचा एक तांडेलही आला. गलबत हाकण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याच्या गलबतातून जाणारे व्यापारी या हवेल्यांबद्दल बोलत, तेव्हापासून त्याला त्या पाहायच्या होत्या.

सगळ्यांत मोठ्या हवेलीसमोर तो थबकला. भिंतीवर गलबत काढलेलं होतं. ते पाहून त्याला हसू आलं.

"हे सुकाणू पुढे कसं?" तो मोठ्याने म्हणाला. "शीड वाऱ्याच्या उलट फुगलंय. आणि हे पाणी आहे की वाळू?"

भोवतीचे लोकही हसले. त्यामुळे पदाजीला चेव आला आणि त्याने आणखी चार चुका दाखवल्या. हवेलीचे शेठ दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळपर्यंत बाजारभर तीच चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदाजी राहिलेली चित्रं पाहायला आला. गलबताच्या चित्रासमोर एक म्हातारा माणूस हातात खरवडणी घेऊन उभा होता.

"काय करताय?" पदाजीने विचारलं.

"चित्र काढून टाकायचंय. शेठजींनी सांगितलंय. वरच्या मजल्याचं कामही आता दुसऱ्याला देणार आहेत." भिंतीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मी हरजी चितारी. हे मीच काढलेलं."

"तुम्ही समुद्र पाहिलाय कधी?" पदाजीने हळूच विचारलं.

"नाही. शेठजींना विचारलं होतं. ते म्हणाले, जिकडे बघावं तिकडे पाणी असतं. आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे वाळू. वाऱ्याने तिच्यावर लाटा उठतात, त्या पाहून मी पाणी काढलं. तुम्ही काल म्हणालात ते सगळं खरंच आहे. एवढंच वाटतं, की आधी कोणी सांगितलं असतं तर मी तसं काढलं असतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच पदाजीला ते फार लागलं. त्याने हरजीच्या हातातली खरवडणी काढून घेतली आणि शेठजींना बाहेर बोलावलं. आदल्या दिवशी हसलेलेही काही जण जमले.

पदाजीने चुलीतला कोळसा मागून घेतला आणि अंगणातल्या फरशीवर उंट काढायला बसला. बराच वेळ तो रेघा ओढत होता.

"ही शेळी का?" कोणीतरी विचारलं. लोक हसले.

"उंट आहे," पदाजी म्हणाला. "इथे येताना वीस दिवस मी उंटावर बसून होतो. तरी मला तो काढता येत नाही. या माणसाने कधी न पाहिलेलं गलबत काढलं, आणि मी काल त्यालाच हसलो. चूक माझी आहे."

मग तो शेठजींकडे वळला.

"शेठजी, यांना माझ्याबरोबर पाठवा. समुद्र पाहून आले की वरचा मजला यांनाच रंगवू द्या."

"आणि तेही चुकलं तर?" शेठजींनी विचारलं.

"तर मी स्वतः येऊन भिंत खरवडून देईन."

शेठजींनी हरजीकडे पाहिलं. त्यांनी त्याला दोन शब्दांत समुद्र सांगितला होता, हे त्यांनाही आठवलं असावं. "जाऊन या, हरजी," ते म्हणाले. "काम तुमची वाट पाहील."

वीस दिवसांनी हरजी गुडघाभर पाण्यात उभा होता. बोटाने हवेत लाटेची रेघ ओढू पाहत होता. मग म्हणाला, "तांडेल, हे तर क्षणभरही एका जागी राहत नाही. आता हे काढायचं कसं?"

चार महिने तो पदाजीच्या घरी राहिला. रोज गलबतावर जायचा आणि विचारायचा. पदाजी त्याच्याशेजारी बसून दोरन् दोर समजावून सांगायचा.

हरजी परतला आणि त्याने वरच्या मजल्याच्या भिंतीवर समुद्र आणि गलबतं रंगवली. पुढे बंदरावरचे खलाशी त्या नगरात आले की त्या भिंतीसमोर गप्प उभे राहत. काहींना घर आठवे. गावोगावच्या हवेल्यांतून हरजीला बोलावणी येऊ लागली. आणि पदाजीच्या गलबतावर कोणाची चूक झाली, तर तो त्याला शेजारी बसवून घेई आणि शांतपणे समजावून देई.

म्हणून सांगतो, आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसेल, तर त्याला हसू नये; जवळ बसून ते त्याला सांगावं.