पाचव्याचा वाटा

एका खोऱ्यात एक धाकटा भाऊ राहत होता. भेटेल त्याला तो एकच विचारायचा, "बर्फ वितळताना सगळ्यांना दिसत होता, मग पेटी का उघडली नाही?" कुणी मान खाली घाली, कुणी विषय बदली.

त्या खोऱ्यात चार गावे होती, पाचवे घाटापलीकडे, आणि गावागणिक एक डॉक्टर. हिवाळ्यात फ्लूची साथ येई, म्हणून दिवाळी सरली की शहरातून लस मागवावी लागे. शहरातला व्यापारी एकट्यादुकट्याला दाद देत नसे, म्हणून पाचही डॉक्टर मिळून बर्फात ठेवलेली एक मोठी पेटी मागवत. पण त्यांचा एकमेकांवर विश्वास बेताचाच. त्यांनी रीतच घातली होती, की पाचही जण हजर असल्याशिवाय पेटीचे झाकण उघडायचे नाही.

मागच्या हिवाळ्यात एक डॉक्टर आलाच नाही. उरलेले चौघे पेटीभोवती बसून राहिले. बर्फाचे पाणी झाले, लस वाया गेली. मग साथ आली आणि त्यात धाकट्याची अक्का गेली. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवले होते.

यंदा पेटी आली, तेव्हा तो सगळ्यांच्या आधी पारावर येऊन बसला. चौघे आले. घाटापलीकडचा पाचवा काही दिसेना. ऊन चढू लागले, पेटीखालची माती ओली झाली.

"डॉक्टरसाहेब, गळतंय."

"बर्फ आहे बाबा, गळणारच. धोंडे मागवले असते तर गळले नसते," एक डॉक्टर म्हणाले. कुणी हसले नाही.

"मागच्या साली पण असेच बसला होता तुम्ही."

"तुझं दुःख कळतं रे. पण त्या घाटापलीकडच्याचं तोंड तुला ठाऊक नाही. एक कुपी कमी निघाली, तरी म्हणेल चौघांनी मिळून लाटली."

धाकट्याचे डोके भणाणले. त्याने दगड उचलला आणि पेटीच्या कुलपावर उगारला.

"फोड," चौघांतल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "यंदा लस मिळेल. पुढल्या साली तो घाटापलीकडचा आपल्यात येणार नाही, आणि चौघांना तो व्यापारी दारात उभं करणार नाही. मग काय करशील?"

हात वरच राहिला. फोडावे तरी कुणीतरी मरणार, न फोडावे तरी मरणार. शाळा त्याची दुसरीतच सुटलेली, त्याला मोठे काही सुचत नव्हते. घरातले तेवढे आठवले. कुणी रानातून यायचे असले, की अक्का त्याची भाकरी आधी झाकून ठेवी आणि मगच बाकीच्यांना वाढी.

त्याने दगड खाली टाकला.

"घाटापलीकडच्यांचं आधी काढा. पुरतं काढा. कमी पडलं तर आपल्याला पडू दे. मी नेऊन देतो."

"आणि वाटेत सांडलंस तर?"

"तर मला बोला. त्यांना नाही."

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. डॉक्टरीणबाईंनी किल्ली काढली.

पाचव्याचा वाटा डब्यात घालून, बर्फ आणि भुसा भरून तो घाट चढला. दर वळणावर डब्याला गाल लावून बघे, गार आहे ना. घाम पुसायलाही थांबला नाही.

पाचवा डॉक्टर गोधडीत तापाने फणफणत पडला होता.

"माझ्यामागं उघडलीत पेटी?"

"उघडली. पण तुमचा वाटा सगळ्यांच्या आधी काढला."

डॉक्टरने डब्यात हात घातला. कुप्या गार होत्या आणि पुरेपूर होत्या. तो बायकोला म्हणाला, "सुया उकळायला ठेव. पोरांना बोलाव."

त्या हिवाळ्यात साथ आली आणि पाचही गावांतून रिकाम्या हाताने परत गेली. पण ते पुढचे. त्या दिवशी डॉक्टरची बायको लस टोचू लागली आणि पोरे रडू लागली, तेव्हा धाकटा उठला. शेवटच्या पोराला टोचून होईपर्यंत तो एकेकाचा इवलासा दंड धरून उभा राहिला.

तात्पर्य: जो हजर नाही त्याचा वाटा आधी काढावा; मग त्याच्यासाठी कुणाला अडून बसावे लागत नाही.