चौघांचा सैनिक

एकदा एक तरुण, दूरदेशी शिकून आपल्या तालुक्याच्या गावी परतलेला, भर दुपारी आपल्या म्हाताऱ्या सरांच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तो खेळ अजून आहे का हो तुमच्याकडे?"

"कुठला रे?"

"तो परग्रहावरचा. बंदूकवाला सैनिक."

सरांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि दार पूर्ण उघडले. सर गणिताचे शिक्षक. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचा वर्ग काढला होता. वर्ग बंद पडूनही बराच काळ लोटला होता; पण एक संगणक त्यांनी जुन्या चादरीखाली जपून ठेवला होता आणि अधूनमधून ते तो सुरू करून पाहत.

चादर निघाली. यंत्र खरखरत जागे होऊ लागले. तरुण खुर्चीच्या काठावर टेकून बसला.

"परत जायचं ठरलं म्हणे?" सरांनी विचारले.

"तिकडून बोलावणं आलंय. उद्या उत्तर द्यायचंय."

"आणि विज्ञानघर?"

गावातल्या मुलांनी शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, विहिरीच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, एवढ्या एका ध्यासाने तरुण परतला होता. जागा त्याने शोधली, भिंती त्याने रंगवल्या, पाटी त्याने लिहिली. उद्घाटनाला गाव जमले, पेढे खाल्ले, टाळ्या वाजवल्या. त्यानंतर कोणी फिरकले नाही. रोज संध्याकाळी तो कुलूप काढी, दुर्बिणीवरची धूळ पुशी आणि अंधार पडला की पुन्हा कुलूप लावी. बोलायला कोणी नसे. आपल्याच गावात आपण पाहुणे आहोत, असे त्याला वाटू लागले होते.

जाण्याआधी तो खेळ एकदा खेळायचा होता. या गावात आपण जिथे कधीच हरलो नाही अशी ती एकच जागा, असे त्याला वाटत होते.

पडद्यावर जांभळे आकाश उमटले. लाल मातीच्या ग्रहावर एकटा सैनिक उभा राहिला. ज्या राक्षसाच्या भीतीने लहानपणी झोप उडाली होती, तो आता चौकटीचौकटींचा एक गोळा दिसत होता. तरुणाला हसू आले आणि लगेच विरले.

त्याने बटणांवर बोटे ठेवली. सैनिक चार पावले चालला आणि भिंतीला धडकला. मागे वळायला गेला तर भलतीकडेच वळला. राक्षस आला, तरुणाने नेमकी गोळी झाडली. पण दुसरा मागून आला, आणि सैनिक मेला. पुन्हा सुरुवात. पुन्हा भिंत. बंद दारापुढे तो सैनिक उभाच राहिला, कारण दार कोणत्या बटणाने उघडते तेच तरुणाला आठवेना.

"सर, यंत्र बिघडलंय."

"असेल," सर म्हणाले. "बारा राक्षसांना पुरून उरणारा तू. तुझं कसं चुकेल?"

"चेष्टा नका करू सर. हा खेळ मी कितीदा तरी शेवटपर्यंत नेलाय! आठवणीत केवढा मोठा होता हा. आता बघा, नुसते ठोकळे."

सर उठले. कपाटातून त्यांनी एक चपटा पेचकस आणला आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढला. पेचकसाचे टोक बटणाखाली सारून ते एकेक बटण उपटू लागले. आधी बाणांची चार बटणे निघाली. मग खालचे लांबट बटण. त्याची तार त्यांनी हलकेच सोडवली. मग डाव्या बाजूचे नकाशा दाखवणारे बटण.

"अहो सर! काय करताय?"

उरलेली बटणेही एकामागून एक टेबलावर पडली. शेवटी डाव्या कोपऱ्यात एकच शिल्लक राहिले. कंट्रोलचे. सरांनी कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला.

"आता खेळ."

"एका बटणावर?"

"तू एकाच बटणावर खेळायचास."

तरुण त्या एकाकी बटणाकडे पाहत राहिला. त्याच्या डाव्या हाताचे बोट आपोआप त्यावर जाऊन बसले होते, आणि मग त्याला सगळे आठवले. रंगीत पडदा वर्गात एकच होता आणि मुले चार. पाळीवरून रोज मारामारी. शेवटी सरांनीच नियम घातला होता, की पाळी लावायची नाही, बटणे वाटून घ्यायची. बाण अल्ताफकडे, दारे हणमंताकडे, नकाशा सुजितकडे. गोळी याच्याकडे. एका कीबोर्डवर चौघांचे हात आणि चौघांचा एकच आरडाओरडा, "अरे मागं, मागं बघ की!"

हणमंत आता परराज्यात गाड्या चालवत होता. सुजित तर कुठेच नव्हता. तापाने गेला, तेव्हा हा परदेशात परीक्षेला बसला होता.

सर हळू आवाजात म्हणाले, "बाळा, तो खेळ तू जिंकला नव्हतास. तू गोळी झाडत होतास. चालवत होता अल्ताफ, दारं उघडत होता हणमंत, आणि पुढं काय आहे ते सुजित बघत होता. चौघांची आठवण तू एकट्याच्या नावावर करून घेतलीस, म्हणून आज ती एवढीशी वाटतेय. विज्ञानघरातही तू तेच बटण दाबून बसलायस. बार तर उडतोय. चालायला कोण आहे?"

तरुणाला मनोमन खूण पटली. विज्ञानघर रंगवत होता तेव्हा अल्ताफ आला होता. "वायरिंग मी करतो रे," म्हणाला होता. आणि याने सांगितले होते, "नको, मी शहरातनं माणूस बोलावलाय." अल्ताफ 'बरं' म्हणून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

सरांनी बाणांची चार बटणे त्याच्या तळहातावर ठेवली. मग दाराचे लांबट बटण दिले. "हे हणमंत सणाला येईल तेव्हा."

"आणि सुजितचं?"

सरांनी ते बटण मुठीत मिटले. "हे राहू दे माझ्याकडं," ते म्हणाले. "नकाशा नसला तर जरा हळू चालायचं."

अल्ताफचे बॅटऱ्यांचे दुकान एसटी स्टँडसमोर होते. तो एका बॅटरीत पाणी भरत होता. मान वर न करता म्हणाला, "काय साहेब, वाट चुकलास व्हय?"

तरुणाने चारही बटणे काउंटरच्या काचेवर ठेवली.

अल्ताफने पाणी भरणे थांबवले. हात फडक्याला पुसले. मग त्याने एक बटण वर, तीन खाली, अशी ती मांडली, आणि त्याची तीन बोटे त्यांवर अलगद टेकली.

"लाल दारापाशी डावीकडं वळायचं असतंय," तो म्हणाला. "तू गोळ्याच घालत सुटायचास. आम्ही भिंतीत."

"चुकलं माझं. वायरिंगचं पण."

"वायरिंग बघितलं मी भाईर उभारून. अर्थिंगच दिलं न्हाई त्यानं. शॉक बसंल तिथं, पोरं कशी पाठवायची लोकांनी?"

"येशील?"

"आज माल उतरायचाय." अल्ताफ पुन्हा बॅटरीकडे वळला. पण वळण्याआधी त्याने चारही बटणे गोळा केली आणि परत न देता आपल्या गल्ल्यात टाकली.

संध्याकाळी तरुणाने विज्ञानघराचे कुलूप काढले. कोणी आले नाही. त्याने दुर्बीण पुसली, आणि आतला एक बाक ओढून दाराबाहेर, रस्त्यावरून येणाऱ्याला दिसेल असा ठेवला. त्याच्या एका टोकाला तो बसला. उरलेला बाक रिकामा होता. दुसऱ्या दिवशी परदेशातून पुन्हा विचारणा झाली, तेव्हा त्याने कळवले की इथे अजून वायरिंग व्हायचे आहे.

कधी आपणही एखादा जुना खेळ काढून बसतो आणि तो फिका वाटतो. तेव्हा पडद्याकडे पाहण्याआधी शेजारच्या खुर्चीकडे एकदा पाहावे.