मैनाक्काचं स्वप्न

नीलसर नगरीच्या तळ्याची एक गंमत होती. काठावर बसून कुणी आपलं स्वप्न सांगितलं, की ते पाण्यावर चित्रासारखं तरंगायचं आणि साऱ्या गावाला दिसायचं. लोक हौसेने एखादं स्वप्न सांगत, दुसऱ्यांची पाहत आणि हसत घरी जात.

राजा चंद्रकेतूला त्याची चटक लागली. त्याने दवंडी पिटवली, की रोज सकाळी प्रत्येकाने आपलं स्वप्न तळ्याला सांगायचंच. मग माणसं झोपायलाच घाबरू लागली.

गोधड्या शिवणारी मैनाक्का मात्र तळ्यावर फिरकेना. शेवटी शिपायांनी तिला धरून आणलं. काठावर सारं गाव जमलं.

"मनात काळंबेरं नसेल, तर लपवायचं कशाला?" राजा गरजला. "स्वप्न सांग, नाहीतर गाव सोड!"

"सांगते की," मैनाक्का पाण्याजवळ बसत म्हणाली. "काल माझ्या स्वप्नात तुम्हीच आला होता, महाराज. मुकुट काढून ठेवला होता आणि जे काही करत होता ना..."

तळ्यावरचं धुकं हललं. पाणी उजळू लागलं. सारं गाव माना उंचावून पाहू लागलं.

राजा घाईघाईने खाली वाकला. "थांब! आधी माझ्या कानात सांग."

"कानात?" मैनाक्का म्हणाली. "मनात काळंबेरं नसेल, तर कानात कशाला, महाराज?"

राजाने तिथल्या तिथे हुकूम मागे घेतला.

पुढे कितीदा तरी तो एकटाच तिच्या दारात येऊन हळूच विचारी, "अक्का, मी काय करत होतो गं?"

गोधडीला टाका घालता घालता ती म्हणे, "स्वप्न माझं आहे, महाराज."